हात आणि विद्या : फिनलंडमधील हस्तव्यवसाय-शिक्षणाची परंपरा

(केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या वेळापत्रकात हस्तव्यवसायाचा तास बहुधा दिवसाच्या शेवटी येतो. परीक्षा जवळ आली, की पहिला बळी त्याच तासाचा पडतो. तो गणितास किंवा भाषेस दिला जातो, आणि असे झाले म्हणून कोणी पालक तक्रार करीत नाही. यामागे एक जुनी समजूत दडलेली आहे. हाताचे काम ही पोटाची विद्या आणि पुस्तक ही बुद्धीची विद्या, अशी ती समजूत होय. ज्या मुलास सुतार व्हावयाचे नाही त्याने रंधा का धरावा, हा प्रश्न तिच्यातूनच निघतो. युरोपच्या उत्तर टोकास असलेल्या एका लहान आणि त्या काळी दरिद्री असलेल्या देशात हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तेथे त्याचे जे उत्तर दिले गेले, त्यातून त्या देशाचे गावशाळेपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण घडत गेले. तो देश म्हणजे फिनलंड.

फिनलंडची भूमी अरण्यांची आणि सरोवरांची आहे. हिवाळा दीर्घ असतो. अगदी उत्तरेकडे तर कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही. शेतीचा हंगाम आखूड असल्यामुळे शेतकऱ्याचे घर हाच पूर्वी त्याचा कारखाना असे. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री विस्तवाच्या उजेडात पुरुष बर्फावरच्या घसरगाड्या, दाताळी, विळ्यांचे दांडे तयार करीत; स्त्रिया सूत कातीत, कापड विणीत. भूर्जवृक्षाच्या सालीच्या टोपल्याच काय, पण पायांतील जोडेही घरी विणले जात. ‘पूक्को’ नावाचा लहान सुरा कमरेला लावल्याशिवाय शेतकरी घराबाहेर पडत नसे. अशा रीतीने हाताचे काम शाळेच्या आधी घरात होते, आणि ते बाप मुलाला व आई मुलीला शिकवीत होती.

दुसरीकडे, ग्रंथविद्येची परंपराही त्या देशात जुनीच होती. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होते. त्यानंतर १९१७ मध्ये स्वतंत्र होईपर्यंत ते रशियाच्या झारच्या अधिपत्याखालील स्वायत्त प्रांत होते. तुर्कू या नगरीत १६४० साली विद्यापीठ स्थापन झाले. १८२७ मध्ये ती नगरी आगीत भस्मसात झाल्यावर १८२८ पासून विद्यापीठ हेलसिंकीस आले. परंतु या विद्यापीठाची भाषा लॅटिन आणि स्वीडिश. शेतकऱ्याची भाषा मात्र फिनिश. धर्मगुरूंच्या आग्रहामुळे खेडुतांस वाचता येत असे. कारण वाचनाची परीक्षा दिल्यावाचून विवाहाची अनुज्ञा मिळत नसे. तथापि लिहिता येणारे थोडेच होते, आणि खेड्यांत सार्वजनिक प्राथमिक शाळा म्हणून जिला म्हणता येईल अशी व्यवस्था नव्हती. विद्यापीठास दोनशे वर्षे होऊन गेली, तरी गावाला शाळा नाही, अशी स्थिती होती. ग्रंथाचा प्रवाह एकीकडून व हाताचा दुसरीकडून वाहत होता. दोहोंचा संगम कोठेच नव्हता.

हा संगम ज्याने घडवून आणला त्याचे नाव उनो सिग्नेउस. त्याचा जन्म १८१० मध्ये हामेनलिना या गावी झाला. विद्यापीठाचे शिक्षण संपवून तो धर्मोपदेशक झाला, आणि १८४० ते १८४५ या काळात त्या वेळी रशियाच्या ताब्यात असलेल्या अलास्कातील सिट्का या दूरच्या वसाहतीत त्याने धर्मोपदेशकाचे काम केले. तेथून परतल्यावर सेंट पीटर्सबर्ग येथील फिनिश लोकांच्या शाळेशी त्याचा दीर्घकाळ संबंध आला. स्वित्झर्लंडचा पेस्टालोझी आणि जर्मनीचा फ्रोबेल या शिक्षणशास्त्रज्ञांच्या विचारांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. शासनाने १८५८ मध्ये त्यास परदेशांतील शाळा पाहण्यास पाठविले. स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी, स्वित्झर्लंड आदी देश हिंडून त्याने आपली योजना सादर केली. १८६१ मध्ये तो प्राथमिक शाळांचा प्रमुख निरीक्षक झाला.

त्याने प्रथम काय केले, हे शिक्षकवर्गाने विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने आरंभी शाळा काढल्या नाहीत. आरंभी शिक्षक तयार केले. १८६३ मध्ये यूवास्क्यूला या लहानशा गावात फिनिश भाषेतील पहिले अध्यापक विद्यालय निघाले, आणि सिग्नेउस त्याचा पहिला प्रमुख झाला. पुरुषांबरोबर स्त्रियांनाही तेथे पहिल्यापासून प्रवेश होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. विद्यालयास जोडून सराव-शाळा होती. भावी शिक्षक तेथे व्याकरण आणि गणित शिकत, गायन व कसरत शिकत, आणि त्याचबरोबर बागेत खणत व सुताराच्या बाकापाशी उभे राहून करवत चालवीत. ज्यास स्वतःला फळी सरळ कापता येत नाही, त्याने मुलास ती कापावयास कसे शिकवावे, असा हा साधा विचार होता.

त्यानंतर तीन वर्षांनी, १८६६ मध्ये, प्राथमिक शाळांचा कायदा आला. त्याने शाळा चर्चच्या कारभारातून काढून गावाच्या म्हणजे स्थानिक संस्थेच्या हाती दिल्या. त्याच कायद्याने खेड्यांतील शाळांमधून मुलांना आणि अध्यापक विद्यालयांतून पुरुष विद्यार्थ्यांना हस्तव्यवसाय हा विषय सक्तीचा केला. मुलींकडे विणकाम-शिवणकाम आले. शालेय शिक्षणात हस्तव्यवसायास कायद्याने सक्तीचे स्थान देणारा पहिला देश म्हणून फिनलंडचा उल्लेख होतो. फिनिश भाषेत या विषयास ‘कॅसित्यो’ म्हणतात. ‘कॅसि’ म्हणजे हात आणि ‘त्यो’ म्हणजे काम. नाव इतके साधे. पण त्यामागचा हेतू मात्र साधा नव्हता.

सिग्नेउसचे म्हणणे थोडक्यात असे होते. शाळेतील हाताचे काम धंदा शिकविण्यासाठी नाही. ते वाचन व गणित यांप्रमाणेच सामान्य शिक्षणाचे अंग आहे. त्याने डोळ्यास माप कळावे, हातास नेमकेपणा यावा, आकाराची व सौंदर्याची जाण वाढावी आणि श्रमाविषयी आदर उत्पन्न व्हावा. यातूनच पुढचा नियम निघतो. हा विषय गावातील सुताराकडे सोपवून चालणार नाही. तो शिक्षकानेच शिकविला पाहिजे. सुताराचे लक्ष वस्तूकडे असते, तर शिक्षकाचे लक्ष मुलाकडे असावे लागते. सुताराचे कौशल्य निःसंशय मोठे. परंतु वाकडी कापलेली फळी पाहून सुतार ती स्वतः नीट करील, आणि शिक्षक मात्र ती कोठे वाकडी झाली हे मुलालाच शोधावयास लावील.

हे तत्त्व कागदावर लिहिणे सोपे होते. त्याची कसोटी मात्र तत्काळ लागली. ज्या १८६६ साली कायदा झाला, त्याच वर्षी फिनलंडमध्ये भीषण दुष्काळास आरंभ झाला. १८६७ चा वसंत इतका लांबला, की जून महिन्यातही कित्येक सरोवरांवर बर्फ होते. आणि सप्टेंबरच्या आरंभीच हिमकडाका पडून उभे पीक करपले. १८६८ पर्यंत देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे आठ टक्के माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी दगावली. अशा वेळी लोक म्हणू लागले की, शाळेत हातकाम शिकवावयाचे तर विकता येईल असे काही शिकवा. मुलांनी टोपल्या कराव्या, चमचे कोरावे, घरास चार पैसे मिळवून द्यावे. उपाशी आईबापांचे हे म्हणणे चूक कसे म्हणावे? गृहोद्योगास उत्तेजन देण्याची चळवळ पुढे जोर धरू लागली, आणि शाळेतील हस्तव्यवसाय तिच्यात ओढला जाऊ लागला.

सिग्नेउस मात्र आपल्या मतावरून ढळला नाही. गृहोद्योग देशास हवाच. परंतु तो शाळेतील या विषयाचा हेतू नव्हे, अशी त्याची भूमिका होती. दोन्हींतील भेद वर्गात उभे राहून पाहिला म्हणजे स्पष्ट होतो. वस्तू विकणे हा हेतू ठरला, की ज्या मुलाचा हात चांगला वळतो त्याच्याकडूनच पन्नास पळ्या करून घेतल्या जातात. आणि ज्याचा हात वळत नाही तो लाकडे आणावयास व केर काढावयास लागतो. एकाचे शिक्षण पहिल्या पळीबरोबर संपते, दुसऱ्याचे सुरूच होत नाही. मूल शिकणे हा हेतू ठरला, की याच्या उलट घडते. चांगल्या हाताच्या मुलास पळी साधली म्हणजे त्याहून अवघड काम दिले जाते, आणि अडखळणाऱ्या मुलाजवळ शिक्षक अधिक वेळ थांबतो.

हा विचार फिनलंडच्या बाहेर गेला तो स्वीडनमार्गे. स्वीडनमध्ये नॅस या ठिकाणी ओटो सॉलोमन हा शिक्षक हस्तव्यवसायाची शाळा चालवीत होता. आरंभी त्याची दृष्टी बरीचशी गृहोद्योगाचीच होती. १८७७ मध्ये त्याने फिनलंडला जाऊन सिग्नेउसची भेट घेतली, आणि त्यानंतर त्याच्या कार्याचे वळण बदलले. हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे साधन आहे व तो शिक्षकानेच शिकवावा, हे तत्त्व त्याने स्वीकारले. ‘स्लॉइड’ या नावाने ही पद्धती जगभर गेली. नॅस येथील वर्गांस देशोदेशींचे शिक्षक येत. तेथे कामांची एक चढती मालिका आखलेली असे. रोपास आधार देण्याची साधी काठी सुऱ्याने तासण्यापासून आरंभ करावयाचा, आणि एकेक नवे हत्यार व एकेक नवी क्रिया घेत अवघड वस्तूंपर्यंत जावयाचे, अशी तिची रचना होती. सोप्याकडून अवघडाकडे हे सूत्र गणिताच्या शिक्षकास परिचित आहे. तेच येथे लाकडास लावले होते.

या परंपरेत दोष शिरलेच नाहीत असे मात्र नाही. आखीव मालिकेचा अतिरेक होऊन सर्व मुलांनी तीच वस्तू, त्याच मापाची, त्याच क्रमाने करावी असे होऊ लागले. मुलाची कल्पना बाजूस राहिली आणि नमुन्याची नक्कल उरली. दुसरा दोष असा, की मुलांना लाकूड व धातू, मुलींना सुई व धागा, ही वाटणी फार काळ टिकून राहिली. तिसरी अडचण शाळांच्या संख्येची होती. १८६६ च्या कायद्याने खेड्यांवर शाळा काढण्याची सक्ती नव्हती. १८९८ मध्ये नवा नियम येऊन कोणत्याही मुलास शाळेसाठी पाच किलोमीटरपेक्षा अधिक अंतर पडू नये अशी गावांची विभागणी करणे भाग पडले. आणि शिक्षण सर्वांस सक्तीचे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९२१ मध्ये.

आता या परंपरेचा उच्च शिक्षणाशी संबंध कसा आला, ते पाहू. तो तीन वाटांनी आला. पहिली वाट कलाकौशल्याची. १८७१ मध्ये कार्ल गुस्ताफ एस्टलँडर या प्राध्यापकाच्या पुढाकाराने हेलसिंकीत कारागिरीची एक लहानशी शाळा निघाली. हीच शाळा वाढत वाढत औद्योगिक कलांची मोठी संस्था झाली, १९७३ मध्ये तिला उच्च विद्यालयाचा दर्जा मिळाला, आणि २०१० मध्ये तंत्रविद्या व अर्थशास्त्र यांच्या उच्च विद्यालयांशी एकत्र येऊन तिचे आल्टो विद्यापीठ झाले. ज्याचे नाव या विद्यापीठास दिले, तो आल्वार आल्टो हा वास्तुशिल्पी यूवास्क्यूला येथेच वाढला. भूर्जाचे लाकूड वाकवून त्याने १९३० नंतरच्या दशकात ज्या खुर्च्या व तिवया घडविल्या, त्या जगभर गेल्या. शेतकऱ्याच्या घरातील त्याच लाकडाची ही पुढची पायरी होती.

दुसरी वाट स्त्रियांच्या विणकामाची. हामेनलिना येथे, म्हणजे सिग्नेउसच्याच जन्मगावी, फ्रेडरिका वेटरहॉफ या बाईंनी १८८५ मध्ये गरीब मुलींसाठी कामाची शाळा काढली. तेथे पुढे विणकामाच्या शिक्षिका तयार होऊ लागल्या. आज त्या परंपरेचे शिक्षण तेथील उपयोजित शास्त्रांच्या उच्च विद्यालयात सामावलेले आहे. अशी उच्च विद्यालये १९९० नंतरच्या दशकात देशभर निघाली. विद्यापीठांच्या बरोबरीने ती दुसरी शाखा म्हणून उभी आहेत, आणि परिचर्या, अभियांत्रिकी, कलाकौशल्य अशा प्रत्यक्ष कामाच्या क्षेत्रांत पदवी देतात. नववीनंतर व्यवसायशिक्षण घेणाऱ्या मुलास तेथे, किंवा विद्यापीठातही, प्रवेशासाठी अर्ज करता येतो. हाताच्या कामाची वाट धरली म्हणून पुढचे दार बंद झाले, असे होत नाही.

तिसरी वाट खुद्द शिक्षकाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. यूवास्क्यूलाचे ते १८६३ चे अध्यापक विद्यालय १९३४ मध्ये शिक्षणशास्त्राचे उच्च विद्यालय झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण विद्यापीठ झाले. गावशाळेचा शिक्षक घडविणारी संस्थाच विद्यापीठपदास चढली. १९७० नंतरच्या दशकात सर्व शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांकडे सोपविण्यात आले, आणि १९७९ पासून प्राथमिक वर्गशिक्षकासही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. हस्तव्यवसायाचा शिक्षक त्यातून वगळला गेला नाही. राउमा या गावी १८९६ मध्ये निघालेले अध्यापक विद्यालय आज तुर्कू विद्यापीठाचा भाग असून, तेथे हस्तव्यवसायाचे शिक्षक पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकतात. हेलसिंकी विद्यापीठात तर हस्तव्यवसाय हा संशोधनाचा विषय आहे. ज्यास लोक पोटाची विद्या म्हणत, तिच्यावर आता प्रबंध लिहिले जातात.

आज तेथील वर्गात हा विषय कसा चालतो? २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने, जो २०१६ पासून लागू झाला, मुलांचे व मुलींचे काम वेगळे ठेवण्याची जुनी रीत संपविली. लाकूड, धातू, कापड व धागा ही सर्व साधने सर्वांस सारखीच खुली झाली. पहिली ते सातवीपर्यंत विषय सक्तीचा आहे. पुढे तो ऐच्छिक आहे. अभ्यासक्रमाचा भर एका गोष्टीवर आहे : काम पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या परीक्षणापर्यंत एकाच मुलाच्या हातून पूर्ण व्हावे. समजा, मुलांनी पक्ष्यांसाठी लाकडी पेटी करावयाची आहे. कोणता पक्षी हवा, हे मूल प्रथम ठरवील. कारण भोक मोठे झाले तर मोठा पक्षी शिरेल व लहानाला बाहेर राहावे लागेल. मग आकृती काढावी, मापे घालावी, लाकूड निवडावे, कापावे, जोडावे, आणि शेवटी आपले काम कोठे साधले व कोठे चुकले हे स्वतः सांगावे. या एका पेटीत निसर्गाभ्यास आला, भूमिती आली, भाषा आली. आणि मुख्य म्हणजे आरंभलेले काम शेवटास नेण्याची सवय आली. आखीव नमुन्याच्या नकलेचा जो दोष पूर्वी शिरला होता, त्यावर हा उपाय आहे.

तथापि फिनलंडकडे पाहताना डोळे दिपू देऊ नयेत. २००० साली झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात तेथील मुले अग्रभागी होती; परंतु २००६ नंतर तेथील गुण सातत्याने उतरत आले आहेत. त्या यशाचे सारे श्रेय हस्तव्यवसायास देणे जसे बरोबर नाही, तसे उतरणीचे खापर कोणत्याही एका विषयावर फोडणेही बरोबर नाही. टिकून राहिलेली गोष्ट एवढीच, की दीडशेहून अधिक वर्षांत दुष्काळ आला, राज्ये बदलली, युद्धे झाली, अभ्यासक्रम पालटले. पण हाताचे काम शाळेबाहेर गेले नाही. आणि ते गेले नाही याचे मुख्य कारण, ते शिकविणारा शिक्षक त्या कामात स्वतः शिकलेला होता.

महाराष्ट्रातील शिक्षकास या ठिकाणी वर्ध्याची आठवण होणे साहजिक आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम मांडली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. दोन्ही विचारांत श्रमाचा आदर समान आहे; परंतु एक भेद विसरू नये. वर्धा योजनेत उद्योग हे सर्व विषयांच्या शिक्षणाचे केंद्र होते, आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च काही अंशी निघावा अशी अपेक्षा होती. फिनलंडमध्ये उत्पन्नाची अपेक्षा तत्त्वतः दूर ठेवली गेली. विकावे की शिकावे, हा जो पेच दुष्काळाच्या वर्षांत फिनलंडच्या शाळांपुढे पडला, तोच निराळ्या रूपाने येथेही पडला होता. आज कार्यानुभवाचा तास घेणाऱ्या शिक्षकासही त्याचे उत्तर स्वतःच्या वर्गात द्यावे लागते.

ते उत्तर देण्यास मोठे भांडवल लागत नाही. गावात बांबू आहे, माती आहे, नारळाची करवंटी आहे, चिंध्या आहेत. बुरूड, कुंभार, सुतार, शिंपी आहेत. बुरुडास शाळेत सन्मानाने बोलवावे, त्याची कला मुलांस दाखवावी. परंतु तास त्याच्यावर सोपवून शिक्षकाने पटाची बेरीज करीत बसू नये. शिक्षकाने मुलांच्या आधी स्वतः एक टोपली विणून पाहावी. ती वाकडी झाली तरी चालेल. कोठे बोट अडते हे त्यास कळेल, आणि उद्या मुलाचे बोट तेथेच अडले म्हणजे तो रागावणार नाही. तयार वस्तूंचे प्रदर्शन मांडताना केवळ सुबक वस्तू पुढे ठेवू नयेत. ज्या मुलाची पहिली वस्तू फसली व तिसरी साधली, त्याच्या तिन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवाव्या. शाळा पाहावयास येणाऱ्या पालकास शिक्षण म्हणजे काय, हे त्या तीन वस्तू सांगतील. मुलगे व मुली यांत कामाची वाटणी करू नये. सुई मुलाच्या हाती द्यावी आणि करवत मुलीच्या.

आणि परीक्षा जवळ आली असता तो शेवटचा तास गणितास देण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. काठी मोजून तिचे तीन सारखे भाग करणारे मूल त्या वेळी गणितच करीत असते. फरक इतकाच, की तेथे उत्तर चुकले तर ते शिक्षकाने सांगावे लागत नाही, काठीच सांगते. तेवढा एक तास जरी प्रत्येक शाळेत जपला गेला, तरी गावातील मुलाचे पुष्कळ हित होईल.